दिवंगत सहलेखकाची सही न मिळाल्याबाबत

दि. १८ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. उपकुलसचिव (पदोन्नती),
खगोल अध्ययन मंदिर,
पुणे.

विषय : पदोन्नतीसाठी सादर केलेल्या शोधनिबंधातील एक सहलेखक हयात नसल्याने त्यांची सही सादर करता येत नसल्याबाबत.

संदर्भ : आपले त्रुटीपत्र क्र. पदो/३१७, त्याचे स्मरणपत्र आणि त्या स्मरणपत्राचे स्मरणपत्र.

महोदय,

मी आपल्याच संस्थेत सहायक प्राध्यापक असून स्पंदक ताऱ्यांवर, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओलहरी धाडणाऱ्या ताऱ्यांवर, संशोधन करते. हे तारे अतिशय नियमित असतात. आपल्या कार्यालयाची स्मरणपत्रे त्यांच्याहून नियमित आहेत, हे मी या विषयातील जाणकार म्हणून नमूद करते.

१. माझ्या ज्या शोधनिबंधावर पदोन्नती अवलंबून आहे, त्याचे माझ्यासह एकशे बेचाळीस लेखक अकरा देशांत विखुरलेले आहेत. आपल्या नियमानुसार प्रत्येकाकडून 'संशोधनात माझा वाटा अमुक टक्के' असे लिहून निळ्या शाईत सही घ्यावयाची होती. जपानी सहकाऱ्याने तेथील रिवाजाप्रमाणे सहीऐवजी आपला लाल शिक्का उमटवून पाठवला. तो 'शाई निळी नाही' या शेऱ्यासह परत आला. सर्वांच्या वाट्यांची बेरीज दोनशे सोळा टक्के भरली. ती शंभरावर आणताना झालेल्या पत्रव्यवहारात इटलीतील दोघांनी एकमेकांशी बोलणे सोडले आहे. परंतु बेरीज आता शंभर आहे.

२. या निबंधाचा आधार इतर संशोधकांनी बऱ्यापैकी घेतला आहे. त्यांपैकी ज्या निबंधांवर माझ्यासारखेच जोशी आडनाव आहे, ते सर्व आपण 'अर्जदाराने स्वतःच स्वतःचा हवाला दिला' म्हणून बाद केलेत. महोदय, पुण्यात जोशी शोधावा लागत नाही, टाळावा लागतो. बाद झालेल्यांपैकी एका जोशींनी तर माझी आकडेमोड चुकल्याचे सविस्तर लिहिले आहे. इतके खरमरीत मी स्वतःबद्दल लिहिणार नाही.

३. आता मूळ मुद्दा. एकशे एक्केचाळीस सह्या जमल्या. राहिलेली एक सही कै. डॉ. श्याम गोवंडे यांची आहे. ते निबंध प्रसिद्ध होण्याच्या दोन महिने आधी वारले. आमच्या क्षेत्रात अशी रीत आहे, की ज्याने उपकरण बांधले त्याचे नाव त्या उपकरणातून निघालेल्या निबंधावर राहते, माणूस गेला तरी. नावापुढे लहानशी खूण करून खाली 'दिवंगत' असे छापतात.

ज्या यंत्रावर आम्ही सारे ताऱ्यांचे ऐकतो, ते गोवंडे सरांनी बांधले. त्याचे सुटे भाग त्यांनी बुधवार पेठेतल्या दुकानांत घासाघीस करून घेतले आणि परतताना मंडईतली भाजीही त्याच पिशवीत टाकली. पहिल्या चाचणीच्या दिवशी यंत्राला मेथीचा वास येत होता. मला हे काम त्यांनीच शिकवले. माझी पहिली आकडेमोड त्यांनी परत केली तेव्हा त्यावर फक्त 'पुन्हा' एवढेच लिहिले होते. दुसरीवरही.

आपल्या कार्यालयातील श्री. संभाजी लोणकर यांनी, ''मॅडम, एवढं एक नाव खोडा, फाइल आजच्या आज पुढे सरकते,'' असा मार्ग सुचवला. मी नकार दिल्यावर त्यांनी, 'मयताच्या वाट्यापोटी वारसाची सही चालेल,' असे लेखी कळवले. म्हणून मी सरांच्या पत्नी श्रीमती कुसुमताई यांच्याकडे सदाशिव पेठेत गेले. (दुपारी एक ते चार सोडून गेले.)

त्यांनी कागद शांतपणे वाचला आणि विचारले, ''सही करते गं, पण टक्के किती लिहू? घरात तर हे काही म्हणजे काही करत नसत.'' मग निबंध हाती घेऊन सरांचे नाव शोधले. ते सापडल्यावर नावापुढच्या खुणेवरून खालचे 'दिवंगत'ही वाचले. नंतर म्हणाल्या, ''वर्षभर मी यांचं नाव कमी करायचेच अर्ज देतेय. गॅसवरचं, लाइटबिलावरचं, बँकेतलं, सोसायटीतलं. नव्यानं कुठे लागलेलं हे पहिलंच.''

सही मी घेतली नाही. मला घेववली नाही, असे स्पष्ट लिहिते.

महोदय, मला ही पदोन्नती हवी आहे. ती मिळाली तर मला स्वतःचे विद्यार्थी घेता येतील आणि त्यांच्या आकडेमोडीवर 'पुन्हा' असे लिहिता येईल. यासाठी मी अकरा देशांकडे निळी शाई मागितली, आणखी एखाद्या देशाकडेही मागेन. पण गोवंडे सरांचे नाव मी खोडणार नाही. सबब, त्यांच्या सहीची अट शिथिल करून माझ्या अर्जावर निर्णय द्यावा, ही विनंती.

तरीही एक नाव कमी केल्याविना फाइल हलतच नसेल, तर माझे कमी करावे. मी हयात आहे, सही ताबडतोब देते.

आपली, अजूनही सहायक प्राध्यापकच असलेली,

(सही, निळ्या शाईत)
डॉ. राजनंदिनी जोशी

सोबत :
१. सह्या, एकशे एक्केचाळीस.
२. जपानी शिक्क्याच्या जागी आलेली निळी सही व तिच्यासोबतचे दिलगिरीपत्र.
३. कै. डॉ. गोवंडे यांच्या मृत्यूचा दाखला, साक्षांकित प्रत (पाचव्यांदा).
४. माझे नाव कमी करण्यास माझे संमतीपत्र.