कवळीचे शनिवार

२ मार्च, रविवार

डिसेंबरपासून इथे एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल स्वतःची माफी मागतो. वेळ नव्हता असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. वेळ भरपूर होता. शनिवारची संध्याकाळ तर अख्खी रिकामी. आमची ल्युडोची बैठक तहकूब झाल्यापासून लिहिण्यासारखं काही घडलंच नाही.

तहकूब हा शब्द विचार करून वापरतोय. बंद पडलेली नाही. दातांचे डॉक्टर (दोन गल्ल्या सोडून दवाखाना) म्हणाले, शनिवारी पेशंट वाढलेत. चष्मेवाला (कॉलेजपासूनचा मित्र, चौकात दुकान) म्हणाला, स्टॉक मोजायचाय. तीन महिने झाले, अजून मोजतोय. धंदा जोरात दिसतो.

शेवटच्या डावाचा याच्याशी काही संबंध असेल का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. त्या दिवशी आईचा फासा बशीला टेकून तिरका राहिला. आई म्हणाली, सहा. मी म्हणालो, कलम सहा, तिरका फासा रद्द. आई म्हणाली, अरे, चौऱ्याहत्तर वर्षांची झाले मी, एक सहा दे की. मी म्हणालो, नियमावलीत वयाची सवलत नाही. तिने आपल्या पिवळ्या सोंगट्या गोळा केल्या आणि आत जाऊन पडली. डॉक्टर आणि चष्मेवाला चहा अर्धा टाकून उठले.

चहा गार झाला असावा. संबंध नाही.

संकल्प: नियमावली सुटसुटीत करायची. बैठक आपोआप सुरू होईल.

५ मार्च, बुधवार

सुटसुटीत करायला बसलो. तेवीस कलमं होती, एकतीस झाली. पण आता जास्त स्पष्ट आहेत.

कलम दहाला मात्र हात लावला नाही. ते मला स्वतःला फार आवडतं: पटाबाहेर पडलेला फासा त्याच्या सर्वांत जवळ बसलेल्याने पाहून सांगावा, जो खोटं सांगेल तो पुढचे दोन शनिवार खेळाबाहेर. इतकी वर्षं दर डावाआधी हे मोठ्याने वाचून दाखवलं. कोणाच्या डोक्यात काही शिरलं असेल असं वाटत नाही. चष्मेवाला तर कलम चारपर्यंत घोरायला लागायचा. दुकानात उभं राहून दमत असेल बिचारा.

ऑफिसातल्या नाजूक काट्यावर घरचा फासा वजन करून पाहिला. (दिवसभर दुकानदारांचे तराजू तपासतो, एक फासा तपासला तर काय बिघडलं? तरी जेवणाच्या सुट्टीतच तपासला.) फासा निर्दोष आहे. म्हणजे दोष फाशात नाही.

८ मार्च, शनिवार

आई आणि ही, दोघी पाच वाजता डॉक्टरांकडे गेल्या. आईची कवळी. जानेवारीपासून दर शनिवारी जातायत, पण काही केल्या ती नीट बसत नाही म्हणे. मी विचारलं, मीही येऊ का? दोघी एकदमच नाही म्हणाल्या. मग आई म्हणाली, तू समोर असलास की मला दडपण येतं रे. मी समजलो. मुलासमोर कण्हायचं नसतं तिला.

एकट्याने ल्युडो खेळलो. चारही रंग मीच. निःपक्षपातीपणासाठी प्रत्येक खेळीला त्या त्या रंगाच्या खुर्चीत जाऊन बसलो. गुडघे दुखतायत. पिवळा जिंकला. आपण नकळत पिवळ्याची बाजू घेतली का, अशी शंका आली म्हणून पुन्हा डाव मांडला. पुन्हा पिवळाच. पिवळ्याला ताकीद दिली.

आठला दोघी आल्या. आईचा चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. विचारलं, फार दुखलं का? म्हणाली, पोटात दुखतंय, आणि मोठ्याने हसली. ही आत जाऊन पाणी प्यायली. दात ते पोट असं दुखणं जातं, हे मला माहीत नव्हतं. पण धीराची बाई!

१५ मार्च, शनिवार

आज कवळीवर डॉक्टरांनी खास मेहनत घेतली असणार. साडेआठ वाजले. मी मऊ भात करून ठेवला होता. आई म्हणाली, भूक नाही, तिकडे सामोसे झाले. मग म्हणाली, म्हणजे वास आला नुसता, शेजारून.

आईच्या रुमालात पिवळी सोंगटी सापडली. आपल्या पटातली. यावर बराच विचार केला. मापं घेताना पेशंटला काहीतरी चावायला देतात, हे मी स्वतः पाहिलंय. आईला डॉक्टरांच्या वस्तूंची किळस वाटत असेल, म्हणून घरून नेली असेल. सोंगटी धुऊन जागेवर ठेवली. दातांची खूण दिसली नाही. कवळी खरंच बसत नसणार.

१८ मार्च, मंगळवार

चष्म्याचा स्क्रू ढिला झाला होता, म्हणून चष्मेवाल्याकडे गेलो. खरं म्हणजे स्क्रू काल मीच ढिला केला. हे इथे लिहायलाच हवं.

सहज विचारलं, स्टॉक संपला का मोजून? म्हणाला, संपत आला. मी म्हणालो, नवी नियमावली आणलीय, एकतीस कलमं, वाचू का? तो म्हणाला, ठेवून जा. मग स्क्रू बसवता बसवता आपल्याच तंद्रीत म्हणाला, तुझ्या आईचा हात म्हणजे ना, गेल्या शनिवारी तर... आणि स्क्रू खाली पडला. दोघांनी पंधरा मिनिटं शोधला.

आईच्या हातच्या स्वयंपाकाबद्दल बोलत असावा. शनिवारी डबा पाठवला असेल आईने. दयाळू आहे ती. मला सांगितलं नाही, याचं जरा वाटलं.

निघताना चष्मेवाल्याने खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, बरा आहेस ना रे? मी म्हणालो, उत्तम. उत्तम हा शब्द बरोबर होता का, ते पाहायला हवं.

२२ मार्च, शनिवार

दोघी पाचला गेल्या. पट मांडला. चार खुर्च्या. लाल माझा, पिवळा आईचा, निळा डॉक्टरांचा, हिरवा चष्मेवाल्याचा. हिला कधी रंगच मिळाला नाही, ही चहा करायची. हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. नियमावलीत पाचव्या खेळाडूसाठी कलम टाकायला हवं.

पिवळ्याचा फासा बशीला टेकून तिरका राहिला. कलम सहा. घरात कोणी नव्हतं. सहा धरून टाकला.

मग रद्द केला. मग डावच मोडला.

संकल्प: पुढच्या शनिवारी आईच्या सोबत जायचंच. ती नको म्हणाली तरी. दर वेळी ती एवढं सोसते आणि मी इथे सोंगट्या सरकवतो, हे बरं दिसत नाही.

२९ मार्च, शनिवार, संध्याकाळी सात

क्रमाने लिहितो.

संकल्प केला होता, पण साडेचारलाच दोघी निघून गेल्या. मी अंघोळीला होतो. बाहेर येऊन पाहतो तर आईची कवळी वाटीत, पाण्यात तशीच. कवळी बसवायला गेलेली बाई कवळी घरी विसरली! डॉक्टरांचा वेळ फुकट जाईल म्हणून ती डब्यात घालून जवळजवळ पळत गेलो.

दवाखान्याच्या दाराला "बंद" पाटी. आतून हसण्याचा आवाज. दार लोटलं.

बाहेरच्या खोलीत मधल्या टेबलावरची मासिकं खाली ठेवलेली, वर कोरा करकरीत पट. डॉक्टर निळा, चष्मेवाला हिरवा, आई पिवळा. आणि लालवर ही. माझ्या लालवर. सामोसे होते.

मी डबा पुढे केला. म्हणालो, आई, कवळी विसरलीस.

आईने डबा घेतला, उघडून पाहिला, बंद केला. म्हणाली, आता आलाच आहेस तर बस. पण तोंड उघडायचं नाही.

चष्मेवाला म्हणाला, इथे येऊन तोंड न उघडणारा पहिलाच पेशंट. डॉक्टर हसले नाहीत, पण मान खाली घातली. मी हिला फक्त एवढंच विचारलं, लाल का? ही म्हणाली, रिकामा होता. सोंगटी सुटायला सहा लागतो, हेसुद्धा मला इथेच कळलं. घरी असताना मी चहाच गाळत होते.

बसायला जागा नव्हती. आतल्या खोलीचं दार उघडं होतं, तिथल्या पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसलो. ती आपोआप मागे झुकते. तिथून पट दिसत नाही, छत दिसतं. पण आवाज ऐकू येतात. चौघं खेळताना असे आवाज येतात, हे मी विसरलो होतो. कोणी काही वाचून दाखवत नव्हतं. आईने डॉक्टरांची सोंगटी मारली आणि टाळी वाजवली. घरी आई कधी टाळी वाजवायची का? आठवून पाहिलं. आठवलं नाही.

मग आईचा शेवटचा डाव आला. बोलण्यावरून कळलं, तिची एक सोंगटी घराबाहेर अडकलेली, आत जायला सहाच हवा होता. चष्मेवाल्याची शेवटची घराच्या तोंडाशी. आईने फासा इतक्या जोरात टाकला की तो टेबलावरून उडाला, उंबरा ओलांडून आत आला आणि माझ्या खुर्चीखाली गेला.

चष्मेवाला म्हणाला, कलम दहा. तोच सर्वांत जवळ आहे. सांग रे.

मी वाकून पाहिलं. दोन.

इतक्या वर्षांत मी फासा खोटा सांगितलेला नाही. वडिलांनाही नाही, ते आजारी असतानासुद्धा. डोकं वर केलं. दारातून आई दिसत होती, ओठ घट्ट मिटून, दोन्ही हात मांडीवर.

म्हणालो, सहा.

आई उठून आत आली. मी फासा उचलायच्या आधी चौऱ्याहत्तर वर्षांची बाई खाली वाकली. फासा बघितला. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. हसायला येत होतं तिला, पण नुसतं हसायलाच नव्हे. मग सरळ उभी राहून एका दमात म्हणाली: जो खोटं सांगेल तो पुढचे दोन शनिवार खेळाबाहेर.

पाठ होतं. तिघांनी माना डोलावल्या. त्यांनाही पाठ होतं!

मला बाहेर काढलं. ही दारापर्यंत आली. म्हणाली, दोन शनिवारच आहेत. आणि बघायला यायला कलमात मनाई कुठेय? तूच लिहिलंयस, तुला माहीत हवं.

घरी येऊन एकतीसही कलमं तपासली. मनाई नाही. हे मी मुद्दाम मोकळं ठेवलं असेल का? नाही, राहून गेलं असणार.

आठ वाजत आले. त्या येतीलच. मी काही विचारणार नाही. भात मऊ केलाय.

उद्याचं काम: आईला विचारणे, पुढच्या शनिवारी कवळीसाठी किती वाजता निघायचं.