दोन ताऱ्यांमधली जागा

४ जानेवारी, रविवार
संकल्प. यंदा छंद मंडळाच्या स्पर्धेत पहिला नंबर माझा. विषय अंतराळ. बाकीचे सगळे ग्रह करणार. मंडळातला तो ‘धूमकेतू’ (तीन वर्षं कापसाची शेपटी लावून एकच वस्तू करतोय, म्हणून हे नाव) पुन्हा कापूसच आणणार. मी दोन ताऱ्यांमधली जागा करणार! मागच्या खोलीत. या भिंतीवर सुईच्या टोकाएवढा एक दिवा, समोरच्या भिंतीवर दुसरा. मध्ये मिट्ट काळोख. परीक्षक घरोघरी येणार १८ तारखेला. दोन आठवडे हातात. भरपूर.

बायकोला सांगितलं. म्हणाली, म्हणजे तुम्ही काहीच करणार नाही, आणि त्यासाठी माझी कपडे वाळत घालायची खोली घेणार. गाढवाला गुळाची चव काय. (हे मनातच म्हटलं.)

६ जानेवारी, मंगळवार
गॅस गिझरची ज्योत पिवळी येत होती. मेकॅनिक येऊन साफ करून गेला. आमच्या बाथरूमला बाहेरची खिडकी नाही. हवेसाठी भिंतीत एक जाळी, ती मागच्या खोलीत उघडते. खोलीच्या खिडकीवर मी चिकटवलेला काळा कागद बघून मेकॅनिक म्हणाला, खिडकी किलकिली ठेवा, आणि ही जाळी तर मेलात तरी बंद करू नका. जळलेला गॅस आत कोंडला तर वाससुद्धा येत नाही. माणूस आत झोपतो तो उठतच नाही.

मीही चष्म्याच्या दुकानात अठरा वर्षं भिंगं बसवतोय. नंबर वाढला तर डोळे जातील, असं आम्हीही गिऱ्हाइकाला सांगतो. धंद्यात थोडं घाबरवावं लागतं.

९ जानेवारी, शुक्रवार
दुकानातून अर्धी रजा. काळ्या रंगाचे दोन हात झाले. खिडकी सील. दाराखालच्या फटीला पट्टी. भर दुपारी आत बसलो. काळोख जवळजवळ जमला होता, तेवढ्यात कुणीतरी बाथरूमचा दिवा लावला आणि जाळीतून लख्ख उजेड. माझ्या दोन ताऱ्यांच्या मधोमध सूर्य!
घरच्यांना अंधारात आंघोळ करायची विनंती केली. बायको जे बोलली ते लिहीत नाही.

१० जानेवारी, शनिवार
तोडगा सापडला. फोमचा तुकडा जाळीच्या मापाने कापला, काळा रंगवला, खोलीच्या बाजूने दाबून बसवला. एकदम फिट. आंघोळीच्या वेळी काढायचा, नंतर लावायचा. तसं वेळापत्रक केलं. मी काही बेजबाबदार माणूस नाही.

१२ जानेवारी, सोमवार
फोम काढताना कडेचा रंग निघतो. पिवळं दिसतं. दोनदा टचअप केलं, पुन्हा तेच. निर्णय: रविवारपर्यंत फोम तसाच राहणार. सहाच दिवस. सहा दिवसांत काय आभाळ कोसळतंय! बाथरूममधून बघितलं तर जाळीपलीकडे काळंच दिसतं. बायकोला कळणार नाही, आणि कळवायचंही नाही, राईचा पर्वत करेल.

पोरीने मात्र बघितलं. चौदा वर्षांची आहे, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. म्हणाली, बाबा, मेकॅनिककाकांनी नको सांगितलं होतं ना? मी म्हटलं, तुझा विश्वास कुणावर, त्यांच्यावर की माझ्यावर? ती म्हणाली, तुमच्यावर. गुणी पोर.

१४ जानेवारी, बुधवार
बायको आंघोळ करून आली ती पलंगावर बसली. डोकं जड झालंय, मळमळतंय म्हणाली. उपाशीपोटी आंघोळ करू नकोस, असं सांगितलं. पोरीचंही दोन दिवस सकाळी डोकं दुखतंय. परीक्षा जवळ आलीय. आमच्या वेळी गणिताच्या पेपरला पोट दुखायचं, हल्ली डोकं.
मला काहीही त्रास नाही. मी गार पाण्याने आंघोळ करतो. यंदाचा तो एक संकल्प तरी टिकलाय.

१६ जानेवारी, शुक्रवार
पोरगी बाथरूममधून भिंत धरत बाहेर आली. हळूच म्हणाली, बाबा, काढायचा का तो? म्हटलं, दोनच दिवस गं राणी, तोवर आंघोळ भराभर उरक. ती बरं म्हणाली.
मनात जरा पाल चुकचुकली. काढावा म्हणून खोलीत गेलोसुद्धा. तेवढ्यात मंडळातून फोन: धूमकेतूने यंदा दोन शेपट्या केल्यात. काढला नाही.

१७ जानेवारी, शनिवार
अर्धा तास आत बसलो. स्वतःचा हात दिसत नाही. दोन टिपके आणि मध्ये काही म्हणजे काही नाही. अंगावर काटा आला. जमलं!
उद्या परीक्षकांची पाठ फिरली की फोम बाहेर. पहिलं काम ते.

१८ जानेवारी, रविवार, सकाळी १०.४०
परीक्षक निघालेत. पोरगी केस धुवायला गेलीय, पाहुण्यांसमोर नीट दिसायला हवं म्हणून. ही एवढी एकच आंघोळ. मग काढतोच.

त्याच दिवशी, संध्याकाळी, हॉस्पिटल
दोघे परीक्षक आत उभे होते. एक म्हणाले, वा, काय शांतता आहे. फक्त भिंतीपलीकडे पाणी वाहत होतं. परिणाम बिघडत होता. मी भिंतीवर टकटक केली. पाणी चालूच. जोरात केली. राग आला मला. राग!
मग बायकोची हाक ऐकू आली, पोरीच्या नावाने, एकापाठोपाठ एक. परीक्षकांनीच खांद्याने दार तोडलं. पोर फरशीवर पडली होती.

शुद्धीवर आलीय. ऑक्सिजन लावलाय. वाचली. डॉक्टर म्हणाले, पाच मिनिटं उशीर झाला असता तर… मग विचारलं, परीक्षक म्हणतात जाळी बंद होती, कुणी केली होती?
पोरीने तोंडावरचा मास्क बाजूला केला. म्हणाली, मीच केली, गार वारा यायचा.
बायको तिच्यावर ओरडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर गाड्या उभ्या होत्या.
संकल्प: उद्या डॉक्टर राउंडला आले की खरं सांगायचं. सगळ्यांसमोर.

१९ जानेवारी, सोमवार
राउंड झाला. डॉक्टर फार घाईत होते.

२१ जानेवारी, बुधवार
पोरीला घरी आणलं. गिझर काढून टाकला. बायकोने शेगडीवर पाणी तापवून बादली भरून दिली. पोरगी आत गेली, पण कडी लावली नाही. दार नुसतं लोटून घेतलं. बायको बाहेर स्टूल टाकून बसली आणि दर मिनिटाला हाक मारू लागली. आतून ओ येत होती.
मी म्हटलं, तू तीन रात्री झोपली नाहीस, जरा पड, मी बसतो इथे.
आतून पोरगीच म्हणाली, नको बाबा, आईलाच बसू दे.