एकाच लिफाफ्यातलं दुसरं पत्र सभागृहात वाचून घेण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
कनिष्ठ सभागृह, डब्लिन.

विषय: खासदार श्री. फिंटन मलक्वीन यांना माझं दुसरं पत्रही वाचायला लावण्याबाबत.
संदर्भ: त्यांचं कालचं चार तासांचं भाषण.

महोदय,

१. मी मेयो परगण्यातल्या आमच्या गावच्या हॉलची देखभाल करते. श्री. मलक्वीन महिन्याच्या पहिल्या शनिवारी इथे लोकांच्या तक्रारी ऐकायला बसतात. कुलूप मी उघडते, चहा मी करते, सोबतचे स्कोन, म्हणजे गोडसर छोटे पाव, मीच भाजते. "डिम्पना, तुझ्या हातच्या स्कोनला तोड नाही गं," असं ते दर खेपेला म्हणतात आणि दोन खाऊन तिसरा बायकोसाठी रुमालात बांधून नेतात. तेव्हा आमची ओळख नाही, असं त्यांना म्हणता येणार नाही.

२. गर्भपातबंदी घटनेतून काढावी का, हे जनतेला विचारण्याचं विधेयक येत्या गुरुवारपर्यंत मंजूर झालं तरच मे महिन्यात मतदान होईल. नाहीतर ते जुलैत जाईल. माझी मुलगी सोर्खा एकोणीस वर्षांची आहे आणि हे तिचं पहिलं मत. वर्गातल्या निम्म्या मुलींसारखीच तीही दोन जूनला उन्हाळी कामासाठी अमेरिकेला जाते आणि तिथून मत देता येत नाही. श्री. मलक्वीन यांना हे पक्कं ठाऊक आहे. गेल्या महिन्यात हॉलमध्ये ते माझ्यासमोरच फोनवर म्हणाले, "जुलैपर्यंत रेटू रे. पोरी तिकडे बर्गर भाजत असतील." मी त्यांच्यापुढे साखर ठेवली.

३. त्यानुसार काल त्यांनी कुंपणं कधी छाटावीत आणि मधमाश्या का घटल्या, यावर सभागृहाला ज्ञान दिलं. सदस्य पुरेसे नाहीत म्हणून नऊ वेळा घंटा वाजवायला लावली. चौथ्या तासाला विषय आटले, तेव्हा त्यांनी मतदारांची जुनी पत्रं बाहेर काढली. त्यात माझं निघालं, हॉलच्या छपराच्या गळक्या पन्हळीबद्दलचं, सात वर्षांपूर्वीचं. ते त्यांनी माझ्या नावासकट अकरा मिनिटं वाचलं, कारण मध्येमध्ये पन्हळींचा इतिहासही होता. संध्याकाळी दुकानात मला विचारणा झाली, "काय गं डिम्पना, टीव्हीवर गळत होतीस म्हणे?"

४. महोदय, त्या लिफाफ्यात दोन पत्रं होती. एका तिकिटात काम होतंय म्हणून मी दोन्ही एकत्र घातली, ही माझी चूक. पन्हळ तीन आठवड्यांत दुरुस्त झाली, म्हणजे लिफाफा पोचला होता. दुसऱ्या पत्रात मी लिहिलं होतं की, माझ्या पोटातलं बाळ जगणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, इथे कुणाला काही करता येईना, म्हणून मी एकटी समुद्रापलीकडे लिव्हरपूलला, जिथे याला बंदी नाही, जाऊन आले. बाळाची राख नंतर कुरिअरने आली. सोर्खा तेव्हा बारा वर्षांची होती, आई खरेदीला गेली होती असं तिला सांगितलेलं. पार्सल आलं तेव्हा दार तिनेच उघडलं आणि आनंदाने सही केली. हा कायदा बदलण्यासाठी आपण काय करणार, एवढंच मी श्री. मलक्वीन यांना विचारलं होतं. सात वर्षांत उत्तर नाही. त्यानंतर त्यांनी माझ्या हातचे किती स्कोन खाल्ले, याचा हिशोब मी काल रात्री मांडला.

५. तरी मंगळवारी ते पुन्हा उभे राहतील तेव्हा त्यांना ते पत्र वाचण्याचा आदेश व्हावा. त्याच फाइलमध्ये, पन्हळीच्या मागेच असेल. विषयाला सोडून आहे अशी हरकत कुणी घेतल्यास, पन्हळ चालली होती हे ध्यानात घ्यावं. त्यांच्या साऱ्या भाषणात विषयाला धरून तेवढंच एक पान असेल. हॉलची किल्ली माझ्याकडे आहे, हेही त्यांच्या कानावर घालावं.

नम्र राहण्याचा प्रयत्न करणारी,
डिम्पना कॅफर्की
शुक्रवार, १६ मार्च २०१८

सोबत:
(१) पन्हळीचं पत्र जोडलेलं नाही. ते कामकाजात नोंदलं गेलं आहेच.
(२) दुसऱ्या पत्राची प्रत, एक पान. वाचायला दोन मिनिटं दहा सेकंद लागतात, मध्ये न थांबता वाचल्यास. मला अजून तसं जमलेलं नाही.