राक्षसाच्या टाचेतला खिळा आणि माझी कंबर

भिंगार,
९ फेब्रुवारी १९९७

ती. रंभाजीदादा यांस धाकट्या जयमालाचा सविनय जय भीम.

तुम्ही, वहिनी आणि नवी कालवड तिघंही खुशाल असाल असं धरून चालते. माझी कंबर कशी आहे हे तुम्ही विचारणारच. तेच सांगायला हे पत्र आहे, पण सुरुवात सिनेमापासून करावी लागेल. (तेव्हा चष्मा लावून, बसून वाचा.)

सोनईच्या बाजारतळावर तंबूत राक्षसाचा सिनेमा आला होता आणि तुम्ही मला खांद्यावर बसवून तो दाखवलात, आठवतं? आपल्या सायलीने त्याचीच व्हिडिओ कॅसेट मागच्या रविवारी आणली. मी दोन उशा पाठीशी आणि एक खाली घेऊन बसले. (एस.टी.तून पडल्यापासून दोन वर्षं हे असंच चाललंय. शाळेतली मुलं मला उशीबाई म्हणतात आणि मला ते माहीत नाही असं समजतात.) वाटलं होतं, आता हसू येईल. शिंगं पुठ्ठ्याची आहेत हे दिसतंच. पण दादा, तो ओरडायला लागला आणि मी जागच्या जागी गारठले. लहानपणी आपण 'मारा त्याला' म्हणून शिट्ट्या वाजवल्या होत्या. तो चिडलेला नव्हताच हो. त्याच्या टाचेत हा एवढा खिळा रुतलाय, पहिल्यापासून धडधडीत दिसतोय, आणि अख्खं सैन्य त्याच्यावर बाण सोडतंय. शेवटी एक चिमुरडी राजकन्या पुढे होऊन विचारते, कुठे दुखतं? आणि तो डोंगराएवढा जीव खाली बसतो. अगदी हळू, तिला धक्का लागू नये असा. तीस वर्षांनी मला तो सिनेमा कळला. सायली म्हणाली, "आई, रडतेस कशाला?" मी म्हटलं, कंबर.

दुसऱ्या दिवशी नगरच्या डॉक्टरांकडे गेले. (नाव लिहीत नाही. माणूस वाईट नाही, घाईत आहे.) दोन वर्षं ते माझा एक्स-रे खिडकीकडे धरून सांगत, मणका झिजलाय, वयोमानाने व्हायचंच, बाकीचं मनाचं. (वयोमान एकोणचाळीस!) मी 'पण' म्हणेपर्यंत पुढचा पेशंट आत. त्या दिवशी मी स्टुलावरून उठलेच नाही. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, माझं सांगून व्हायचंय. दुखतंय मला, तेव्हा ते नीट ऐकून घेतलं जाणं हा माझा हक्क आहे. आणि माझ्या हाडांचा फोटो मलाही बघायचाय." असं बोलणारी बाई कोण, हे मी स्वतःच वळून बघणार होते. ते म्हणाले, बाहेर वीस माणसं खोळंबलीत. केसपेपर काढणाऱ्या चांगुणाबाई मला उठवायला आल्या आणि दारातच थांबून म्हणाल्या, "सायेब, ती वीस बी हेच सांगाया बसल्यात. ऐका की जरा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी सांगितलं, कंबर नव्हे, त्याच्याही खाली, बसलं की कळ येते. (माकडहाड हा शब्द मी परक्या पुरुषासमोर पहिल्यांदाच उच्चारला.) त्यांनी एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला. कोपऱ्यात बारीक अक्षरं होती, ती आम्ही दोघांनी एकदमच वाचली: बन्सी, पुरुष, वय ६१.

दादा, दोन वर्षं माझ्यावर बन्सीचा इलाज चालला होता.

डॉक्टरांनी उभं राहून हात जोडले. त्याच सकाळी माझा खरा फोटो काढला. माकडहाड मोडून वाकडंच जुळलंय. पण तो बघताना मी राग विसरले. काळ्याशार काचेवर माझीच हाडं, चांदण्यासारखी, एकावर एक रचलेली. इतकी वर्षं एका शब्दाने न बोलता मला उभं करणारी. मी बघतच राहिले. डॉक्टरांनीही घाई केली नाही, आणि बाहेरची वीस माणसंही थांबली. औषध बदललंय. काल मी तासभर बसून वह्या तपासल्या.

वहिनींना जय भीम, कालवडीला गूळ.

तुमची,
जयमाला

ता.क. सोबतचं मोठं पाकीट वाकवू नका, त्यात बन्सींचा मणका आहे. केसपेपरवर 'मु. सोनई' एवढंच लिहिलंय, आडनाव नाही. फुकट तपासणीची डॉक्टरांची चिठ्ठी आत आहे. तुम्ही पोस्टमन होतात, गावातले सगळे बन्सी तुम्हाला ठाऊक. एवढं काम कराच, कारण इतके दिवस त्यांचं दुखणंही कुणी ऐकलेलं नाही.

ता.क. २. माझा जुना एक्स-रे बन्सींकडे गेला असणार. डॉक्टरांना आठवतं, माकडहाडासाठी त्यांनी एका म्हाताऱ्याला मधोमध भोक असलेली गोल गादी दिली होती. पारावर कुणी तसल्या गादीवर अवघडून बसलेलं दिसलं, तर पाकीट त्यांना द्या आणि गादी घेऊन या. ती माझी आहे.