विमानाला हात

३ नोव्हेंबर
पुढच्या सोमवारी निकिता पहिल्यांदा एकटीनं विमान उडवणार. शिकवणारे सर खाली उतरणार आणि माझी लेक एकटी वर. मला अजिबात भीती वाटत नाही. तसं तिला फोनवर सांगितलं. आवाज बसला तो थंडीमुळं.
ठरवलं: फोन दिवसातून एकदाच.

४ नोव्हेंबर
चार फोन. दोन तिनं उचललेच नाहीत, ते धरायचे नाहीत.

६ नोव्हेंबर, दुपार
मोबाइलवर विमानांचं वाचत बसले. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण माझा नवरा जगदेव गेल्यापासून हाती लागेल ते वाचते. वाचताना घरात कोणीतरी बोलतंय असं वाटतं.
टकरीचा धोका विमानतळाजवळ जास्त, कारण सगळी तिथंच खाली येतात. मोठ्या प्रवासी विमानात यंत्र असतं. दुसरं विमान जवळ आलं की ते पायलटला सांगतं, वर जा, नाहीतर खाली जा. शिकाऊ लहान विमानात बहुतेक ते नसतं. तिथं रेडिओ आणि आपले डोळे.
डोळे जगदेवलाही होते. तो मोटरसायकलवर, आणि उभ्या तुरीच्या आडून ट्रॅक्टर रस्त्यावर आला. दोघं एकमेकांना दिसले नाहीत. निकिता तेव्हा सातवीत होती.
हे तिला आता सांगायचं नाही.

७ नोव्हेंबर
सांगितलं.
हसली. म्हणाली, "आई, वर तूर नसते वं." मग समजावत बसली. प्रत्येकानं रेडिओवर बोलायचं: मी इथं आहे, इतक्या उंचीवर, आता असं करणार. मोठं विमान यायचं असलं की टॉवर लहानाला 'होल्ड' सांगतो. मग बाजूला चकरा मारत थांबायचं.
मी विचारलं, टॉवरवाल्याला डुलकी लागली तर?
फोन बंद झाला. रेंज गेली असावी.

९ नोव्हेंबर
उद्या जाऊन लांबूनच बघून येणार. निकिताला कळवायचं नाही, तिला उगाच टेन्शन.
शेजारच्या बेबीताईला तेवढं सांगितलं. ती म्हणाली, "काहून वं पंचफुला, तिथं जाऊन काय करशीन? एसटीवानी इमानाले हात करशीन का?"
तिला हवेतलं काही कळत नाही. फाट्यावर एसटी हात केल्याशिवाय थांबत नाही, आणि ज्याला ती लांबून दिसत नाही त्याची ती जाते. माझी आजवर गेलेली नाही. नजर पक्की आहे.
नियम: कुंपणापासून दूर उभं राहायचं. रडायचं नाही. उतरलेली दिसली की परत.

१० नोव्हेंबर, सकाळ, एसटीत
जगदेवचा लाल दुपट्टा पिशवीत घेतलाय. उन्हासाठी.

१० नोव्हेंबर, संध्याकाळ
आज लिहायचं नाही असं ठरवलं होतं.
धावपट्टीच्या टोकाला, कुंपणाबाहेर, शेताचा बांध आहे. तिथून सगळं दिसतं. निकिताचं विमान पांढरं, आवाज फवारणीच्या पंपापेक्षा थोडा मोठा. ते एका बाजूला चकरा मारत होतं. तेवढ्यात मोठं विमान खाली येताना दिसलं. मला वाटलं, ते पोरीला दिसलंच नाही. पुढचं हातानंच केलं. बांधावर चढले, दुपट्टा फडकवला आणि ओरडले, "थांब वं बाई, थांब!"
थांबलं ते मोठं. उतरता उतरता गरजून परत वर गेलं, माझ्या लेकीच्या आभाळात.
मी डोळे मिटून घेतले. पक्क्या नजरेच्या बाईनं.
उघडले तेव्हा लहान विमान आणखी लांब सरकून गुमान फिरत होतं. मोठं वळसा घालून आलं, उतरलं. मग लहान उतरलं. अलगद, कोंबडी पिल्लांवर बसते तसं.
तोवर गार्ड माझ्यापाशी पोचले होते. कोण तुम्ही, म्हणाले. मी म्हणाले, "मी कोनाची कोनी नाही. तुरीची राखण करून राह्यली."
बांधापलीकडं कपाशी होती.
ऑफिसात नेऊन बसवलं. टॉवरला धावपट्टीच्या टोकाशी लाल फडकताना दिसलं, म्हणून मोठं विमान परत वर पाठवलं, असं तिथं कळलं. निकिता आत आली. तिनं आधी दुपट्टा ओळखला. सगळ्यांसमोर म्हणाली, "माही आई आहे." मला मान वर करता येईना. मी तिला नाकारलं, तेव्हा जीभ जरासुद्धा अडखळली नव्हती.
तिचे अमरदीप सर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला चहा दिला. म्हणाले, पोरीचं काही चुकलं नाही, पण चौकशी होईपर्यंत तिचं उडणं बंद.

११ नोव्हेंबर
वारा फार होता. दुपट्टा आपोआपच फडकत होता.
नाही. मीच फडकवला.
निकिताचा फोन आला. रागावलेली नव्हती, दमलेली वाटली. म्हणाली, "आई, त्या वक्ताले आमी सगळे आपापली जागा सांगून राह्यलो होतो. न सांगता आलेली तू एकटीच."
बेबीताई विचारायला आली होती. दार उघडलं नाही.

१३ नोव्हेंबर, सकाळ, मेडशी फाटा
माफी मागायला निघाले. या वेळी आधी मेसेज टाकला: मी मेडशी फाट्यावर आहे. बस येईल. तुझ्याकडं येऊ का?
उत्तर आलं, एका शब्दाचं. होल्ड.
बस मलाच सगळ्यांच्या आधी दिसली. पिशवी खाली ठेवली. हात केला नाही.