तळमजल्यावरचे वाफे आणि कडू दुधी

मी, वर शिक्क्याच्या कागदावर जिचं नाव आणि वय चोपन्न असं लिहिलं आहे ती, आणि इमारतीत जिला लहानथोर सगळे तळमजल्याच्या ताई म्हणतात तीच, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणी दटावून किंवा गोड बोलून हे लिहवून घेतलेलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, म्हणून अक्षर असं आहे. वाचता येतंय ना, मग झालं. नमुना वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी दिला. नमुन्यात घाबरण्याला रकाना नाही, पण मी घाबरले आहे हे आधीच लिहून ठेवते. नाहीतर पुढे अक्षर हललं की कोणीतरी म्हणेल, बाई शुद्धीत नव्हती.

उद्या माझं ऑपरेशन आहे. पोटात मोसंबीएवढी गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, "साधं आहे, दोन तासांचं काम." इतकं साधं असेल तर त्यांनी स्वतःचं करून घ्यावं. मला भूल देणार. शुद्ध कोणीतरी काढून घेणार आणि परत द्यायची की नाही ते त्याच्या हातात.

कलम १. तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर माझ्या नावावर आहे. ते सर्व माझ्या मुलीला. तिने राहावं किंवा भाड्याने द्यावं. भाडेकरू नाक मुरडणारा नसावा. बँकेत जे काही आहे ते आणि दोन बांगड्या, तेही तिलाच. पोरी, बांगड्या मोडू नकोस. मोडल्यास तर मला कळणार नाहीच, तरी मोडू नकोस.

कलम २. माझ्या धाकट्या दिरांना काही नाही. विसरून नाही, ठरवून. माझे यजमान गेल्याला वर्षही झालं नव्हतं तेव्हा हे मागच्या अंगणात पावलं टाकत मोजमाप घेत होते. म्हणाले, "वहिनी, ही वांगी काढलीत तर माझी गाडी इथे आरामात बसेल." मी म्हटलं, "भावोजी, तुम्ही घरी जाऊन आरामात बसा." तेव्हापासून बोलणं नाही. अंगणात गाडी लावायची नाही, माझ्या पश्चातही नाही, एक दिवसासाठीही नाही.

कलम ३. मागचं अंगण. भिंत आणि पाण्याची टाकी यांच्या मधली चिंचोळी जागा, बारा पावलं लांब. त्यात चार वाफे, रंगाच्या एकोणीस बादल्या आणि एक फुटकं सिंक, ज्यात पालक चांगला येतो. हे कोणा एकाचं नाही, इमारतीचं. खुरपं, कुदळ, दोन झाऱ्या आणि सुतळीचं बंडल टाकीखाली आहे. वापरा आणि धुऊन ठेवा. टोमॅटोला रोज पाणी घालून लाड करू नका, फुटतात.

हे अंगण कसं सुरू झालं ते मुलीला माहीत आहे, बाकीच्यांसाठी लिहिते. मी कारखान्याच्या कँटीनमध्ये तेवीस वर्षं स्वयंपाक केला. कँटीन बंद पडलं, पाठोपाठ यजमान गेले. रोज शंभर माणसांचं रांधलेला हात एका माणसाला वळेना. भाजी उरायची. मग मी ती डब्यात घालून वर पाठवायला लागले, आणि विकतची कशाला म्हणून मागे लावायला लागले. गेली नऊ वर्षं दर रविवारी जे निघेल ते मोठ्या पातेल्यात शिजतं आणि सात घरी सात डबे जातात. कोणी आभार मानले की मला राग येतो. डबा घासून परत आला की बरं वाटतं.

कलम ४. ते मोठं पातेलं मुलीला, पण एका अटीवर. मी तेवीस वर्षं आणि वर नऊ वर्षं कधी चव बघून स्वयंपाक केला नाही. वासावर मीठ टाकायचं, ही माझी ऐट. कँटीनचे म्हातारे आचारी दुधी कापला की देठाकडची चकती जिभेला लावायचे आणि मगच पुढची सुरी चालवायचे. "कडू दुधी जनावरालासुद्धा घालू नये, आतडी कापतो," म्हणायचे. मी हसायचे. म्हणायचे, "आचारीबुवा, तुम्हाला भूक लागली म्हणा की सरळ!" पोरी, तू चकती चाखायची. प्रत्येक दुध्याची. कडू लागली की थुंकायचं आणि अख्खा दुधी फेकायचा. हीच अट.

कलम ५. आता जे लिहायचं आहे ते मी दोन पानं लांबवलं.

यंदा कचऱ्याच्या खड्ड्यात दुध्याचा एक वेल आपोआप उगवला. न लावता आलेल्या वेलाचा भरवसा धरू नये हे मला ठाऊक होतं. पण फुकटचा वेल आणि असा जोमाचा, उपटवेना. पाच आठवड्यांपूर्वीच्या रविवारी त्याचा पहिला दुधी काढला. एकच होता, सात घरांना पुरणारा नव्हता. म्हणून त्याची वेगळी भाजी केली आणि ती एकाच घरी दिली, दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे, कारण शिंपी गावाला गेलेले आणि ती एकटीच होती. चाखली नाही. पोट दुखत होतं म्हणून स्वतः खाल्लीही नाही.

दोन तासांनी ती जिन्यात बसून ओकत होती. ओकारीत रक्त होतं. रिक्षात मीच घातलं तिला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं काही खाल्लंय?" ती कण्हत म्हणाली, "सकाळी कोपऱ्यावरचा पाव." मी शेजारी उभी होते. घरी येऊन पातेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं. संध्याकाळपर्यंत तो कडूपणा गेला नाही. मी पातेलं घासलं, वेल मुळापासून कापला आणि गप्प बसले.

ती चार दिवस दवाखान्यात होती. शिंपी परत आले ते थेट पाववाल्याच्या दुकानासमोर जाऊन ओरडले, "माझी बायको मारली असतीस तू!" सगळी गल्ली जमली. मी पिशवी घेऊन तिथेच होते. तोंड उघडलं नाही. तेव्हापासून पाववाल्याकडे कोणी फिरकत नाही. त्याने भट्टीतले पत्रे खरवडले, भिंतीला चुना दिला, पिठाचं पोतं उघडून रस्त्यावर दाखवलं. दोनदा पेटणारी भट्टी आता एकदाच पेटते. एकदा त्याने मला थांबवून विचारलं, "ताई, तुम्ही इतकी वर्षं रांधलंत. माझ्या पिठात काय खोट आहे, सांगा ना." मी म्हटलं, "मला काय ठाऊक?" आणि तेव्हापासून पलीकडच्या फुटपाथवरून जाते.

पावात खोट नव्हती. दुधी कडू होता. माझा होता. मी शिजवला आणि मी दिला.

अजून एक आहे. बरी होऊन आल्यावर शिंपीण डबा परत द्यायला आली आणि हसत म्हणाली, "ताई, त्या दिवशी भाजी कडवट झाली होती हं. पण सगळी संपवली. टाकली असती तर तुम्ही परत माझी शोभा केली असतीत." मागे एकदा तिने माझ्या घेवड्याची भाजी कचऱ्यात टाकलेली मी पाहिली होती, आणि भर जिन्यात, चार बायकांसमोर तिला नाही नाही ते बोलले होते. म्हणजे विष तिने माझ्या तोंडाला भिऊन खाल्लं. ही गोष्ट मला झोपू देत नाही. उद्या भूल चढताना हेच डोळ्यांपुढे येईल आणि तेवढंच घेऊन मी जाईन, याची मला गाठीपेक्षा जास्त भीती वाटते.

कलम ६. वेल कापला तरी दोन दुधी वर पायपाला, शिंपिणीच्या खिडकीजवळ लटकलेत. माझा हात पोचत नाही. तिला मी खोटं सांगितलं की बियांसाठी ठेवलेत. ते कोणी खाऊ नयेत, बी धरू नये. आजच्या आज काढून जाळा.

कलम ७. साक्षीदार. मास्तरीणबाई म्हणाल्या, साक्षीदाराने फक्त सही करताना बघायचं असतं, आतलं वाचायची गरज नाही. आणि ज्याला काही द्यायचं त्याला साक्षीदार करू नये, दिलेलं रद्द होतं. मी शिंपिणीला शिलाईखोलीसाठी माझं कपाट देणार होते, पाववाल्याला पितळी परात. दोन्ही खोडलं. मला हे दोघं साक्षीदार हवेत आणि त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचल्याशिवाय सही करायची नाही. तोंडाने सांगायला पाच वेळा दारापर्यंत गेले आणि पाच वेळा परत आले. कागदावर सांगता येतंय, तेवढंच.

त्यांना बोलावलं आहे. शिंपिणीच्या चपला जिन्यात वाजतायत. आता लिहीत नाही.

सही: (तळमजल्याच्या ताई, स्वहस्ते)
ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस, बुधवार, दुपारी चार

साक्षीदार पहिला, पाववाला: माझ्यासमोर सही झाली. सगळं वाचलं. कलम ५ ची झेरॉक्स काढून दुकानाच्या दाराला लावणार. विचारत नाही, सांगतोय. सही.

साक्षीदार दुसरी, शिंपीण: माझ्यासमोर सही झाली. दोनदा वाचलं. खिडकीतले दोन्ही दुधी मी आत्ताच काढले, भट्टीत टाकायला पाववाल्यांकडे दिले. सही केली म्हणजे माफ केलं असा अर्थ कोणी काढू नये. मला तुमच्याशी भांडायचं आहे, ताई, आणि भांडायला तुम्ही शुद्धीवर लागता. उद्या दवाखान्यात मी बाहेर बसणार आहे. सही.