दीनामावशींच्या वाटणीचा उपास

मी, श्यामला रंगनाथ उजगरे, वय ७६, अविवाहित, निवृत्त परिचारिका, राहणार धायरी, पुणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे, रक्तदाब गोळ्यांच्या ताब्यात आहे आणि मला कोणीही भरीस घातलेले नाही. याआधी मृत्युपत्र केलेले नाही; हेच पहिले व शेवटचे समजावे.

१. धायरीची सदनिका सामानासह माझी भाची अपूर्वा हिला द्यावी. तिने राहावे किंवा भाड्याने द्यावी. ओट्यावरची फरशी मात्र बदलावी. मला ती कधीच आवडली नाही.

२. बँकेतील ठेव आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शब्बाथशाळेस द्यावी; तिथे रविवारी मुलांना बायबल शिकवतात. मी शिकवत होते आणि ज्या शाळेने मला काढून टाकले तिलाच का, असे कोणी विचारील, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही पूर्वी रास्ता पेठेत राहत होतो. शेजारी दीनामावशी चेऊलकर, बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या यहुदी. नाताळात आमच्या करंज्या त्यांच्याकडे जात, त्यांच्याकडून वालाचे बिरडे येई. लेंतच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या, शुक्रवारी मी उपासाने तोंड पाडून बसले की त्या म्हणत, "येशू आमच्याच घरचा. उपासही आमच्याकडूनच नेलात. नेलाय तर नीट करा, कण्हू नका." आमचे वडील, दादा, मास्तर होते. ते हसून मान डोलवत.

पुढे मावशींचा मुलगा इस्राएलला गेला आणि त्या एकट्या उरल्या. १९८६ साली त्यांची साखर फार वाढली होती. किप्पुरला, म्हणजे त्यांच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या उपासाला, डॉक्टरांनी सक्त मनाई केली. त्या ऐकेनात. सकाळी इंजेक्शन तयार ठेवून मी खिचडीची वाटी पुढे केली.

"तुमच्याच धर्मात जीव आधी, उपास नंतर," मी म्हणाले.

"ठाऊक आहे. पण लग्नापासून एकदाही मोडला नाही."

"मी काल संध्याकाळपासून काही खाल्लेले नाही. तुमच्या वाटणीचा मी करते."

"उपास उसना मिळत नाही, श्यामला."

तरी वाटी घेतली. भिंतीकडे तोंड करून जेवल्या. त्यांची पाठ हलत होती, म्हणून मी खिडकीबाहेर पाहत राहिले. चांदण्या दिसेपर्यंत मी पाणीही घेतले नाही. पुढची तीन वर्षे हेच चालले. मग त्या गेल्या. मी किप्पुर सोडला नाही.

हे मंडळीत कळले. माझा धाकटा भाऊ अनिरुद्ध तेव्हा पंच होता. सभेत तोच उभा राहिला. "यहुद्यांचा उपास पाळणाऱ्या बाईकडे आपली मुलं कशी सोपवायची?"

मी विचारले, "शब्बाथशाळेतला शब्बाथ कोणाकडून आणला?"

माझा शब्बाथशाळेतला वर्ग गेला. भावाशी बोलणेही गेले, ते पस्तीस वर्षे.

गेल्या लेंतमध्ये तो दारात उभा राहिला. हातात दादांची वही. "पेटीत होती. कधी उघडलीच नव्हती," म्हणाला, आणि उभ्यानेच वाचू लागला. दादांनी लिहिले होते की यहुदी सोमवारी-गुरुवारी उपास करीत, म्हणून पहिल्या ख्रिस्ती लोकांनी बुधवार-शुक्रवार धरले. दिवस बदलले, उपास त्यांचाच. खाली टीप होती: 'शेजारी चेऊलकरांना विचारून खात्री केली.'

"चहा घेतोस?" मी विचारले.

"आज शुक्रवार आहे."

"मग नुसता बस."

तो संध्याकाळपर्यंत बसला. नंतर आम्ही पिठलं-भात जेवलो. माफी त्याने मागितली नाही. आमच्या घरात ती रीत नाही.

३. सदर वही शब्बाथशाळेस द्यावी. ठेवीचे व्याज मुलांच्या खाऊला वापरावे, पण वर्षातून एकदा त्यांना ही वही वाचून दाखवावी. वाचणार नसतील तर ठेवही देऊ नये.

४. दफनाच्या वेळी माझ्या स्वभावाविषयी भाषण नको. दिवस उपासाचा असला तरी येणाऱ्याला जेवू घालावे.

५. या मृत्युपत्राची व्यवस्था अपूर्वाने पाहावी.

६. माझा भाऊ अनिरुद्ध यास काहीही दिलेले नाही. हे रागाने नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. वर लिहिलेले खरे आहे, हे त्याच्याच सहीने सांगितले जावे अशी माझी इच्छा आहे. त्याला विचारले. तो म्हणाला, "कुठं करायची सही?"

ठिकाण : पुणे
दिनांक : ३ ऑक्टोबर २०२५

(सही) श्यामला रंगनाथ उजगरे

आमच्यासमक्ष त्यांनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही केली :
१. (सही) डॉ. सौमित्र केळशीकर
२. (सही) अनिरुद्ध रंगनाथ उजगरे. सर्व वाचले. सभेतले ते वाक्य माझेच.